उकलीसकट

“त्यांना झोपू देऊ नका, काकू. काहीही करा, पण बोलतं ठेवा. आणि नुसतं बोलतायत म्हणून गाफील राहू नका. बोलतायत ते बरोबर आहे ना, ते बघा. असंबद्ध बोलायला लागले की थांबायचं नाही, मिळेल त्या होडीत घालून बाहेर काढायचं.”

शेडबाळे डॉक्टरीणबाईंचं एवढं ऐकू आलं आणि माझा फोन बंद पडला. तीन दिवस वीज नव्हती. बावडेकरसाहेबांचा फोन खाली त्यांच्या घरात, म्हणजे पाण्यात. आणि अख्ख्या इमारतीत आम्ही दोघंच.

महापुराच्या आठवड्यातला तो श्रावणी सोमवार. सहा वर्षं होऊन गेली. सांगलीतली आमची इमारत लहानशी, सहा बिऱ्हाडांची. चार बिऱ्हाडं रविवारीच कुठं कुठं निघून गेली. हे धाकट्या दिरांकडे पुण्याला गेले होते, ते रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. मी मागे राहिले ती नंदादीपासाठी. श्रावणभर देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, हा माझा एकवीस वर्षांचा नेम. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिथं पाणी कशाला येतंय, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तळमजल्यावरचे बावडेकरसाहेब मागे राहिले ते त्यांच्या अभ्यासामुळे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. “पाणी पाचव्या पायरीच्या वर येत नाही, मी लिहून देतो,” असं त्यांनी सेक्रेटरींना बजावलं होतं. सोमवारी सकाळी पाणी नवव्या पायरीवर होतं. साहेबांनी आदल्या संध्याकाळीच एक खुर्ची आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन पहिल्या मजल्यावर जिन्यात मुक्काम केला होता. माझं दार वाजवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

कारण आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या आरतीच्या घंटेबद्दल त्यांनी सोसायटीला अर्ज दिला होता. त्यात लिहिलं होतं, “देव बहिरा असल्यास त्याची शिक्षा खालच्या मजल्याला का?” सेक्रेटरींनी तो मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला. सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि घरी येऊन रडले.

सोमवारी बाराच्या सुमाराला ती ट्रंक आणखी वर ओढताना साहेब पडले. ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली. आवाज ऐकून मी धावले. रक्त फारसं नव्हतं, टेंगूळ मात्र लिंबाएवढं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू. मी त्यांना धरून धरून वर आणलं, भिंतीला उशी लावून दिवाणावर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“काय म्हणाली ती?” साहेबांनी विचारलं.

“झोपायचं नाही म्हणाल्या. बोलत राहायचं.”

“कुणाशी?”

“इथं मीच आहे.”

“हे डोक्याला लागण्यापेक्षा वाईट,” ते म्हणाले आणि डोळे मिटायला लागले.

मी घाईघाईनं विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय?”

“ते तुम्हाला माहीत आहे, वहिनी. अर्जाखाली सही होती.”

“आज वार कोणता?”

“तुम्ही उपाशी दिसताय, त्या अर्थी सोमवार. हे बघा, मी काही बालवाडीत नाही. असले प्रश्न विचारणार असाल तर मी झोपतो.”

पाच मिनिटांत माझे सगळे प्रश्न संपले. गॅलरीच्या जाळीतून बाहेर पाहिलं तर गल्ली म्हणून काही उरलंच नव्हतं. मातकट पाणी, त्यात समोरच्या दुकानाच्या पाटीचा वरचा काठ तेवढा दिसत होता. मी जाळीला लाल पंचा बांधला. पण प्रत्येक घराच्या जाळीला काही ना काही वाळत पडलेलं, माझ्या पंचाकडे कोण बघणार? जिन्यात डोकावले, तर नववी पायरी गेली होती.

आत आले तेव्हा साहेबांची मान कलली होती.

“या ट्रंकेत काय आहे?” मी जरा हलवूनच विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. “बावीस वर्षं.”

मला वाटलं, झालं, असंबद्ध सुरू झालं. पण त्यांनी ट्रंक उघडायची खूण केली. आत फायलीच फायली, आणि प्रत्येक कागदावर काळेपांढरे चौकोन. साहेब एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायचे, तीही साधी नव्हेत, गूढ. टोपणनावानं. इतकी वर्षं खालीवर राहून मला याचा पत्ता नव्हता.

सगळ्यात वर या आठवड्याचं कोडं होतं, पेन्सिलीनं आखलेलं. मला धागा सापडला.

“मला हे समजावून सांगा,” मी म्हटलं.

“तुम्हाला? रोज दोन तास देवाशी बोलता, तो काही उलगडून सांगत नाही, ते चालतं तुम्हाला.”

“म्हणून तर तुम्हाला विचारते.”

साहेब जरा सावरून बसले. “वाचा. एक आडवा.”

मी वाचलं, “‘नका रडू’ म्हणता म्हणता मधूनच गाडी सुटली. दोन घरं.”

“उत्तर?”

“कुठली गाडी? कोण रडतंय?”

“कुणी रडत नाही आणि कुठं गाडी नाही. ‘नका रडू’ यातली मधली दोन अक्षरं सांगा.”

मी बोटं मोजली. “का... र. कार!”

“झाली गाडी. आता लक्षात ठेवा. सूत्रात जे घडतं, ते माणसाला घडत नाही, शब्दाला घडतं. पुढचं. चार उभा, माझ्या आवडीचं आहे. ‘नदी उलटली की बिचारा.’ दोन घरं.”

नदी उलटली म्हणताच माझी नजर गॅलरीकडे गेली.

“बाहेर काय बघताय? शब्द बघा. उलटा करा.”

“दीन,” मी म्हटलं. “हे तुम्ही या पुरावर केलंत?”

“जूनमध्ये केलं. पाऊससुद्धा नव्हता.”

मला एक भलतीच अडचण दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असंबद्ध बोलले तर बाहेर काढा. पण या माणसाचं सगळं बोलणंच असं. सारात गंधार पडतो काय, विड्याचं पान आधी आणि वावर म्हणजे शेत मागून येतं काय, नि त्यातून पुण्याला बुडवणारं पानशेत निघतं काय! हे डोक्याला लागल्यामुळे आहे की लागायच्या आधीपासून, ते मी कशावरून ओळखायचं? त्याला एकच उपाय होता. मलाच ते शिकायला हवं होतं.

मी पोथीवरची पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसले.

“हे सारात गंधार पुन्हा सांगा.”

“सांगत नाही. तुम्ही सांगा. ‘सारात पडला गंधार, केवढं पाणी झालं.’ तीन घरं.”

“सार म्हणजे... आमसुलाचं सार?”

“कशाचंही. तुम्ही केलेलं असलं तर पाणीच असणार.”

“गंधार म्हणजे गाण्यातला ग,” मी म्हटलं. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले होते. “सारात ग पडला. सा, ग, र. सागर!”

“उकल?”

“आत्ताच सांगितली की!”

“नीट, क्रमानं सांगायची. कोण कुणात गेलं, काय झालं. उकल सांगता आली नाही तर बरोबर उत्तरसुद्धा मी चूक धरतो. बावीस वर्षं धरत आलोय. लोक पत्रातून शिव्या देतात.”

मी नीट, क्रमानं सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून तेवढं ‘हं’ म्हणजे फार होतं.

अडीचच्या सुमाराला मोटरचा आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी होडी दिसली, केशरी जाकिटं घातलेले चार जण. मी जाळीशी गेले आणि हाक मारली, पण माझी हाक ती काय! माझी आई म्हणायची, बाईचा आवाज या खोलीतून त्या खोलीत जाता कामा नये. तो गेलाच नाही कधी. मी धावत देवघरातून घंटा आणली आणि जाळीशी उभी राहून जीव खाऊन वाजवली.

होडीतल्या चौघांनी वर पाहिलं. एकानं मोटर हळू केली. मग चौघांनीही हात जोडले, कपाळाला लावले, “हर हर महादेव!” म्हणून ओरडले आणि होडी पुढे गेली.

मी घंटा हातात घेऊन तशीच उभी. मागून साहेबांच्या हसण्याचा आवाज आला. हसता हसता त्यांनी डोकं धरलं.

“दोन वर्षं सांगत होतो, वहिनी, त्या घंटेचा काही उपयोग नाही.”

मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. जिन्यात अकरावी पायरी गेली होती.

आम्ही पुन्हा कोड्याला बसलो. घरात सगळीकडे ओलसर कुबट वास. मी एक सूत्र वाचायची, ते कानाशी हात नेऊन ऐकायचे, मला अडवायचे, चिडवायचे. “पोथीसारखं हेल काढून वाचू नका.” “तुमच्या देवाला विचारून सांगा.” एरवी मला लागलं असतं. त्या दुपारी ते टोमणे मी मोजत होते. जोवर टोमणे येतायत तोवर माणूस जागेवर आहे.

साडेतीन वाजले असतील. साहेब म्हणाले, “हे एक ऐका. नवीनच सुचलंय. नदी उलटली की बिचारा.”

मी कागदावर पाहिलं. चार उभा. माझ्याच अक्षरात ‘दीन’ भरलेलं.

“हे झालं आपलं, साहेब.”

“झालं का?” ते म्हणाले. “बरं बरं.”

बरं बरं! मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा शांत होता, अगदी जेवण करून सुपारी खात बसल्यासारखा. मग ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही फार चांगल्या आहात हो.”

मी कागद पुढ्यात ओढला.

“तेरा उभा,” मी भरभर वाचलं. “‘विकता विकता विस्कटली, तरी वाचणारे वाचतात.’ तीन घरं. काय येईल?”

“तुम्ही सांगा.”

मला उत्तर येत नव्हतं. पण तेव्हा मला उत्तर नकोच होतं. मी आजवर जाणूनबुजून कुणाला चुकीचं सांगितलेलं नाही. त्या दिवशी सांगितलं.

“पोथी,” मी म्हटलं. “लोक वाचतात ती पोथी.”

दोन अक्षरं, तीन घरं. ना त्यात काही विकलेलं, ना विस्कटलेलं. वर पुन्हा पोथी! मी वाट बघत राहिले. आता म्हणतील, मोजता येत नाही का? आता म्हणतील, सोमवारची पोथी की शनिवारची? काहीही म्हणा, देवा, त्यांना काहीतरी वाईट बोलू दे.

“हो,” साहेब म्हणाले. “पोथीच. लिहा.”

“आणि उकल?”

“असेल काहीतरी.”

मी पेन्सिल टाकून उठले.

मोटरचा आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं. मी गॅलरीत गेले. तीच होडी, माणसं भरून परत निघालेली, गल्लीच्या तोंडावरून आडवी जात होती. मी दोन्ही हातांनी जाळी धरली आणि ओरडले. पहिला आवाज फाटला. दुसरा माझा मलाच ओळखू आला नाही.

“पूजा नाही! आरती नाही! माणूस आहे इथं! माणूस जातोय!”

किती वेळ ओरडत होते कोण जाणे. घशात रक्ताची चव आली. होडी वळलेली दिसली तेव्हाही मी ओरडतच होते.

“आवो काकी, आलो की!” खालून एकजण म्हणाला. “मगाशीच सांगायचं न्हवं का? आमास्नी वाटलं, सोमवारची आरती चाललीया.”

जिन्याच्या मधल्या खिडकीला त्यांनी होडी लावली. साहेबांना खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून उतरवलं. होडीत आधीच एक म्हातारी आणि दोन बायका होत्या. त्या सरकल्या.

“काकी, डोकं मांडीवर धरून बसाया कुणीतरी पायजे. हादरा बसाया नको. येताय न्हवं?”

मी वर पाहिलं. दाराच्या फटीतून देवघरातला पिवळा उजेड भिंतीवर पडला होता.

“एक मिनिट,” मी म्हटलं.

वर गेले. समई काठोकाठ भरली, वात सारखी केली, नमस्कार केला. कोड्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला आणि खाली आले. तो दिवा कधी विझला मला माहीत नाही. आठ दिवसांनी परतले तेव्हा वातीचा कोळसा झाला होता. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. पण ते नंतरचं.

होडीत साहेबांचं डोकं माझ्या मांडीवर. पाण्यावर झाडांचे शेंडे, विजेच्या तारा हाताला येतील इतक्या जवळ. ते डोळे मिटतायत असं दिसलं की मी त्यांच्या गालावर थापटायची.

“साहेब, बोला.”

बऱ्याच वेळानं ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“तेरा उभा...”

“हो, राहिला तो.”

“पोथी नव्हे.”

“नाही. पोथी नव्हे.”

“मग?”

“मी शोधते. तुम्ही बरे व्हा, मी येऊन सांगते.”

“नुसतं उत्तर... नको.”

“उकलीसकट सांगेन,” मी म्हटलं. “नीट, क्रमानं. शब्द दिला.”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मिरजेच्या इस्पितळात त्याच संध्याकाळी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. अजून दोन तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मात्र वाचा गेली आणि उजवा हातही. इचलकरंजीहून त्यांचा पुतण्या आला. मला त्यानं सांगितलं, “काका डोळे उघडे ठेवून पडून असतात. डॉक्टर म्हणतात, ऐकू जातं. कळतं किती, ते आताच सांगता येणार नाही.”

पूर ओसरला. हे पुण्याहून आले. आम्ही आमचा जिना धुतला, मग साहेबांच्या घरातला गाळ उपसला. या सगळ्यात तो कागद माझ्या पोथीत होता. रोज वाचन झालं की मी तेरा उभा काढून बसायची. विस्कटणारं काय काय असतं? केस विस्कटतात, घडी विस्कटते, रांगोळी विस्कटते. पण रांगोळी कुणी वाचत नाही, केस कुणी विकत नाही. यांना विचारलं, तर हे म्हणाले, “रद्दी असेल.” रद्दीची अक्षरं दोनच. पंधरा दिवस मी त्या सूत्रातल्या बाईला शोधत होते, जी काहीतरी विकायला बसली आहे आणि जिचं सगळं विस्कटलंय.

एके दिवशी दुपारी वाती वळताना थांबले. अशी बाई नव्हतीच. सूत्रात जे घडतं ते माणसाला घडत नाही, शब्दाला घडतं. नदी उलटते म्हणजे शब्द उलटतो. मग विस्कटायचंही शब्दालाच. मी वातीचा कापूस बाजूला ठेवला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: वि, क, ता. तीन घरं, तीन अक्षरं. ती जागच्या जागी हलवली, आणि तिसऱ्या खेपेला समोर आली कविता.

विकता विकता विस्कटली, तरी वाचणारे वाचतात.

मी उठले, हात धुतले, पातळ बदललं. कोड्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. हे पेपर वाचत बसले होते.

“निघालीस कुठं?”

“मिरजेला. बावडेकरसाहेबांकडे.”

“आत्ता? कशाला?”

“एक उत्तर राहिलंय त्यांचं.”

यांनी पेपर खाली केला. “ते कोडं घेऊन? अगं, तो माणूस नुसता छताकडे बघत पडलाय. तू तिथं बसून समजावणार, आणि त्यांना कळणार आहे का त्यातलं काही?”

मी चपला घालत होते. माझा आवाज त्या दिवसापासून जरा घोगराच झाला आहे, पण मोठा काही झालेला नाही.

“रोज देवापुढे बसून वाचते,” मी म्हटलं, “तेव्हा नाही कधी विचारलंत.”

यांनी पेपरची घडी केली. म्हणाले, “छत्री घे.”

मी छत्री घेतली, दार ओढून घेतलं. जिना उतरताना उकल पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिली. आधी शब्द कोणता, मग त्याचं काय झालं, मग त्यातून काय निघालं. कुठं अडखळत नाही ना, ते बघितलं. आणि मिरजेच्या बसच्या रस्त्याला लागले.